शाळा, मुलं आणि आपलं मागचं पटांगण

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात २६ जानेवारीच्या संध्याकाळी बी विंगमधील सभासद व निवृत्त शिक्षिका यांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षं एका सोसायटीने, थोडंफार भांडत का होईना, एकत्र काढली, त्याबद्दल आधी आपल्या सर्वांचं अभिनंदन. समितीने मला विषय दिला तो ‘शालेय जीवनात निसर्गाचे स्थान’ असा. विषय ऐकल्यावर मला आमच्या शाळेतल्या निबंधस्पर्धा आठवल्या. वृक्ष आपले मित्र आहेत, झाडे लावा झाडे जगवा, वगैरे. काळजी करू नका, तसं काही मी बोलणार नाही. चौतीस वर्षं मी विज्ञान आणि भूगोल शिकवला. त्यातून वर्गाबाहेर मुलं काय शिकतात आणि कशी शिकतात, याबद्दल जे माझ्या पदरात पडलं तेवढंच सांगते. आणि शेवटी एक मागणीही करणार आहे. ती काय ते बहुतेकांना माहीत आहे, कारण नोटीस बोर्डावर लागलेली आहे.

वर्गाबाहेरचं शिक्षण म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा सहल येते. डिसेंबर उजाडला की शाळेची सहल. पहाटे पाचला बस, बसमध्ये अंताक्षरी, दिवसभरात पाच ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, मग ‘चला चला, मोजणी करा’. सहल वाईट नाही. मुलं एकमेकांच्या डब्यातलं खातात, घराबाहेर राहायला शिकतात, ते मोलाचंच आहे. पण त्यात निसर्ग शिकले असं म्हणता येत नाही. धबधब्यासमोर पन्नास मुलं उभी करून ‘हा धबधबा’ असं सांगितलं तर मुलाला काय मिळालं? ते तर त्याला दिसतंच आहे.

माझा अनुभव असा की मूल एकाच जागी पुन्हा पुन्हा गेलं तरच त्याला दिसायला लागतं. आम्ही सहावीच्या वर्गाला एक उपक्रम देत असू. प्रत्येकाने एक झाड निवडायचं. घराजवळचं, शाळेच्या वाटेवरचं, कुठलंही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्या झाडाजवळ पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या आठवड्याला सगळ्या वह्यांत एकच वाक्य: ‘झाड हिरवे आहे.’ दुसऱ्या आठवड्यालाही ‘झाड हिरवे आहे.’ तिसऱ्या आठवड्याला काही जण कंटाळून ‘वरीलप्रमाणे’ लिहीत. आणि मग पाचव्या-सहाव्या आठवड्याला एखादी मुलगी विचारायची, ‘बाई, माझ्या पिंपळाची नवी पानं लाल का?’ तिने पिंपळ जन्मल्यापासून पाहिला होता. पण त्याचं कोवळं पान तांबूस असतं, मग पोपटी होतं, मग हिरवं, हे तिला त्या वहीमुळे दिसलं. तिथून पुढे मला फारसं शिकवावं लागलं नाही. नवीन पानात हरितद्रव्य तयार व्हायला वेळ लागतो हे मी एकदाच सांगितलं. आंब्याचं आणि जांभळाचंही असंच असतं का, ते तिने स्वतः जाऊन पाहिलं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम देशभर चालतो. त्यात शाळांतली मुलं आपापल्या झाडाची पानं, कळ्या, फुलं, फळं दर आठवड्याला नोंदवतात. केरळमधल्या शाळा त्यात फार पुढे आहेत. अमुक झाड कधी फुलतं आणि तो काळ वर्षागणिक पुढेमागे होतो का, हे कळायला अशा नोंदी शास्त्रज्ञांना उपयोगी पडतात. सहावीच्या मुलाची वही खऱ्या कामाला येते, हे मुलाला कळलं की अक्षरसुद्धा सुधारतं, हा माझा पक्का अनुभव आहे.

आता कुणी म्हणेल, ही सगळी परदेशातली फॅडं. तसं नाही हो. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली ती झाडाखालीच, आणि तिथे आजही झाडाखाली वर्ग भरतात. ते बंगालचं झालं. आपल्याकडचं सांगायचं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरांमागे कुरणात जात. मुलं येत नाहीत ना, मग शाळाच कुरणात नेऊ, असं या बायकांनी ठरवलं. तिचं नाव कुरणशाळा. गुरं चरताहेत, मुलं खडे, पानं, बिया मोजताहेत आणि शिक्षक त्यांच्यामागे फिरताहेत. आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द! आज आपल्याला तो सरकारी शब्द वाटतो. १९७५ पासून देशभर सरकारी योजनेत तो वापरला जातो, पण त्याच्या मुळाशी ताराबाईंची कल्पना आहे: पोरांच्या अंगणात जाऊन भरवलेली शाळा. म्हणजे अंगण आधी, भिंती नंतर. आपण नेमकं उलटं केलं. भिंती बांधल्या आणि अंगण विकलं.

कायद्यातही तशी सोय आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं असं लिहिलंय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना असावेत, असंही म्हटलंय. आमच्या लहानपणी ‘दप्तराविना’ या शब्दाची गरजच नव्हती, पण असो. प्रत्यक्षात काय होतं? पीटीचा तास गणिताच्या बाई मागून घेतात, कारण पोर्शन राहिलाय. शहरातल्या कितीतरी शाळांचं मैदान म्हणजे फरशी घातलेला चौक. त्याच्या कडेला कुंड्या, आणि कुंड्यांवर पाटी: ‘झाडांना हात लावू नये.’

मैदानाच्या कोपऱ्यातल्या गवतातसुद्धा किती असतं, ते एका प्रसंगावरून सांगते. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला गाजरगवत माजलं होतं. सातवीतला एक मुलगा, वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, काडेपेटीत काहीतरी घेऊन आला. उघडलं तर आत छोटे भुंगेरे, फिकट अंगावर गडद रेघा. ‘बाई, हे गाजरगवत खातात.’ मी म्हटलं, ‘फक्त गाजरगवतच खातात की इतरही काही? तुला कसं कळलं?’ त्याला उत्तर येईना. मग वर्गाने प्रयोग मांडला. चार काचेच्या बरण्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड. एका बरणीत गाजरगवत, एकीत मेथी, एकीत जास्वंदीची पानं, एकीत सगळं मिसळून. प्रत्येक बरणीत पाच भुंगेरे. (गाजरगवताला उघडा हात लावायचा नाही, अंगाला खाज सुटते, म्हणून हातात प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या.) दोन दिवसांत गाजरगवताची चाळणी झाली. मेथी-जास्वंदीला कुणी शिवलंही नाही. मिसळलेल्या बरणीत तर नेमकं गाजरगवतच शोधून खाल्लेलं.

मग मी त्यांना पुढची गोष्ट सांगितली. हे गवत आपलं नव्हेच. अमेरिका खंडातलं. परदेशी धान्याबरोबर ते आलं असं म्हणतात, आणि १९५० च्या दशकात भारतात त्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते आपल्याच पुण्यात. पुणेकरांनी कशाकशात पहिला नंबर काढलाय बघा. आणि हा भुंगेरा त्याला खायला म्हणून मेक्सिकोतून मुद्दाम आणलेला, १९८० च्या दशकात. लगेच त्या मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘बाई, सगळं गाजरगवत संपलं तर हा काय खाईल?’ हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. सूर्यफुलाच्या शेतात हे भुंगेरे दिसले तेव्हा त्यावरून बराच वाद झाला होता. पुस्तकातला ‘जैविक कीडनियंत्रण’ हा धडा मी आधी अनेक वर्षं शिकवला होता. हा प्रश्न मात्र बरणी मांडेपर्यंत एकाही मुलाने विचारला नव्हता.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हा भुंगेरा पावसाळा संपला की जमिनीत शिरतो आणि पुढचा पाऊस येईपर्यंत मातीत पडून राहतो. माती असेल तर.

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, टँकर. हसू नका, टँकर हाही शाळेचाच विषय आहे. मागच्या पावसाळ्यात आपल्या सोसायटीतल्या अकरा मुलांनी मागच्या पटांगणात पर्जन्यमापक ठेवला होता, ते तुम्ही पाहिलं असेल. काहींना तो कचरा वाटला आणि दोनदा तो सफाईवाल्या मावशींकडून परत आणावा लागला, ती गोष्ट वेगळी. करायला अगदी सोपा. सरळ उभ्या अंगाची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा करून तोंडात बसवायचा, झालं नरसाळं. तळ सपाट नसतो म्हणून आत खडे घालून थोडं पाणी ओतायचं आणि त्या पातळीला शून्याची खूण करायची. बाहेरून पट्टी चिकटवायची. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खात्याची पावसाची मोजणीही साडेआठ ते साडेआठ अशीच असते. वाचून झालं की पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. आणि हा मापक उघड्यावर हवा. भिंतीजवळ नको, झाडाखाली नको, गाड्यांच्या मध्ये तर नकोच.

मिलिमीटर म्हणजे काय, हे मुलांना पाठ असतं. पण एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडलं, हे त्यांनी ताटात पाणी ओतून स्वतः करून पाहिलं. मग त्यांनी आपली बी विंगची गच्ची मोजली. चारशे चौरस मीटर भरली. म्हणजे पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला की गच्चीवर दहा हजार लिटर पाणी. दहा हजार लिटर म्हणजे एक टँकर! सी विंगमधला तिसरीतला छोटा ओरडलाच, ‘आजी, काल रात्री दीड टँकर पडला!’ पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. म्हणजे एका गच्चीवर अठ्ठावीस टँकर, तीन विंगचे चौऱ्याऐंशी. सगळं पाणी काही हाती लागत नाही. थोडं वाफेत जातं, पहिल्या पावसाचं घाण पाणी सोडून द्यावं लागतं. पण हा हिशोब मुलांनी मला आणून दाखवला तेव्हा मी म्हटलं, हा मला नको, खजिनदार काकांना दाखवा. त्यांनी तो फाइलला लावून घेतलाय. पुढे काय झालं ते त्यांनाच विचारा.

गुणाकार, क्षेत्रफळ, घनफळ, एककांचं रूपांतर, सरासरी, सगळं त्यात आलं. शिवाय एक गोष्ट आली जी गणिताच्या पुस्तकात येत नाही. दोन मुलांनी एकाच दिवशी ठेवलेल्या दोन मापकांत वेगवेगळा पाऊस निघाला. खरा कुठला? त्यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी एकाची बाटली भिंतीच्या आडोशाला होती असं निघालं. पाठीमागे उत्तरं छापलेल्या पुस्तकातून अशी शंका घ्यायला मूल शिकत नाही.

काही गोष्टी तर शाळेत होऊच शकत नाहीत. वर्षातून दोनदा आपल्या शहरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात हा दिवस १३-१४ मेच्या सुमारास येतो, वेळ साधारण साडेबाराची. दुसऱ्यांदा जुलैअखेर, पण तेव्हा ढगांमुळे काही दिसत नाही. म्हणजे मे हीच खरी संधी, आणि मेमध्ये शाळेला सुट्टी. भूगोलाच्या पुस्तकात कर्कवृत्त आहे, सूर्याचं उत्तरायण आहे, पण सावली गायब होताना शंभरातल्या एका मुलाने तरी पाहिली आहे का? ‘सूर्य रोज दुपारी बाराला डोक्यावर येतो’ असं मोठी माणसंसुद्धा बिनधास्त सांगतात. दिल्लीला तर तो कधीच डोक्यावर येत नाही. हे काठी रोवून एका दुपारी कळतं. काठी रोवायला मात्र माती लागते.

आता पालकांच्या मनातलं बोलते. पहिलं, डोळे. आपल्या ए विंगमध्येच पाचवीच्या आतल्या किती मुलांना चष्मा लागलाय ते मोजा. मी डॉक्टर नाही, पण एक अभ्यास सांगते, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या बारा शाळा घेतल्या. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला. काही शिकवायचं नाही, फक्त बाहेर. तीन वर्षांनी, जिथे हा तास नव्हता तिथल्या सुमारे ४० टक्के मुलांना नव्याने मायोपिया म्हणजे दूरचं न दिसण्याचा दोष आला होता. जिथे तास होता तिथे सुमारे ३० टक्के मुलांना. औषध नाही, यंत्र नाही, नुसता दिवसाचा उजेड. तैवानमध्ये तर मुलांनी रोज दोन तास बाहेर असावं अशी मोहीम शाळांतून राबवली गेली. आपण मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतो आणि मुलाला संध्याकाळी क्लासला पाठवतो.

दुसरी भीती सापाची. ही रास्त आहे. आपण टेकडीच्या पायथ्याशी राहतो, साप आपल्या आधीपासून इथे आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही विषारी चौकडी मुलांना चित्रावरून ओळखता आली पाहिजे. बाकी नियम साधे आहेत: पायात बूट, बिळात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही, अंधार पडल्यावर बॅटरी, साप दिसला तर मारायचा नाही आणि जवळही जायचं नाही, मोठ्यांना हाक मारायची. आणि मोठ्यांनी सर्पमित्राला फोन करायचा, ‘व्हिडिओ काढतो थांब’ म्हणायचं नाही. हे नियम मी चौथीच्या मुलांना शिकवले. त्यांनी पाळले. व्हिडिओ काढणारे सगळे वडीलधारेच होते.

तिसरी भीती कुणी उघड बोलत नाही, ती म्हणजे मार्कांची. बाहेर फिरून मार्क वाढतात का? खरं उत्तर असं की प्रत्येकाचे वाढत नाहीत. काहींचे वाढतात, काहींचे तेवढेच राहतात. पण वर्गात ज्याला काही येत नाही असं समजलं जातं त्याला काय काय येतं, ते बाहेर गेल्यावर दिसतं. आपल्या वॉचमनदादांची मुलगी मागच्या रस्त्यावरच्या शाळेत चौथीत आहे. आपली मुलं तिला खेळायला घेत, पण पाणी आणायला वगैरे पाठवत. पावसाळ्यात मी सगळ्यांना पटांगणातली रानभाजी ओळखायला सांगितली. आपल्या मुलांना कोथिंबीर आणि गवत यांतला फरक सांगता आला, त्यापुढे गाडी जाईना. तिने टाकळा दाखवला, कुरडू दाखवली, केना दाखवला, आणि कुठली कधी कोवळी असते, कुठली कशी करतात, तेही सांगितलं. गावाकडे आजीबरोबर शेतात जायची म्हणे. त्या दिवसापासून गटाची पुढारी तीच आहे. तिला पाणी आणायला कुणी पाठवत नाही.

आणि आता उंबर. आपली सोसायटी बांधली तेव्हा या प्लॉटवर बरीच झाडं होती. बाकी गेली, उंबर राहिला. कारण दत्ताचं झाड तोडायला मजूर तयार झाले नाहीत. बिल्डरचं निसर्गप्रेम वगैरे काही नव्हतं. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. मुलांना मी विचारलं, उंबराला फूल असतं का? सगळे म्हणाले, नसतं. मग कच्चं उंबर उभं चिरलं आणि भिंग दिलं. आत शेकडो बारीक फुलं, सगळी आतल्या बाजूला तोंड करून. आणि त्यात पिटुकल्या माश्यांसारखे कीटक. ही उंबराची वरट. मादी फळाच्या टोकाच्या बारीक भोकातून आत घुसते. ते भोक इतकं चिंचोळं की शिरताना तिचे पंख मोडतात. ती आत फुलांवर परागकण पोचवते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखांचे, ते फळाबाहेर राहायला जातच नाहीत. नव्या माद्या परागकण घेऊन बाहेर उडतात आणि दुसरं उंबर शोधतात. ही वरट नाही तर उंबराला बी नाही, आणि उंबर नाही तर वरट नाही. ‘म्हणजे उंबर खाल्लं की आपण किडेपण खातो?’ हा प्रश्न आलाच. मी म्हटलं, उघडून, झटकून खा.

उंबर वर्षातून अनेकदा फळतो, म्हणून इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही पाखरांना इथे काहीतरी मिळतं. मुलांच्या यादीत या एका झाडावर आतापर्यंत तांबट, बुलबुल, कोकीळ, साळुंकी, धनेश आणि रात्रीची वटवाघळं आहेत. कुहू कुहू करतो तो नर कोकीळ, मादी नव्हे, हे मला दुसरीतल्या मुलीने ठणकावून सांगितलं आणि तिच्या आजोबांनाही ऐकवलं. येत्या फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना असते. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ती यादी पाठवायची. आपली यादी या उंबराखालून जाणार आहे.

आता ती नोटीस. पुढच्या महिन्यातल्या विशेष सर्वसाधारण सभेत ठराव येतोय: मागच्या पटांगणाला पेव्हर ब्लॉक बसवून तिथे चौदा गाड्यांचं पार्किंग. मी त्याविरुद्ध बोलणार आहे, हे आजच सांगून ठेवते. पार्किंगची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. रात्री उशिरा दवाखान्यातून आजारी माणसाला घेऊन आलेल्या सभासदाला गाडी रस्त्यावर लावून चालत यावं लागतं, हे मी पाहिलंय. त्यासाठी गेटलगतच्या पट्ट्यात चार-पाच गाड्यांची सोय करा, माझी हरकत नाही. पण बाकीची माती उघडी ठेवा. उंबराच्या बुंध्यापर्यंत ब्लॉक नेऊ नका. मुळांना पाणी आणि हवा लागते. झाड आज पडणार नाही, दहा वर्षांत वाळेल, आणि मग ‘धोकादायक झाड’ म्हणून वृक्ष प्राधिकरणाकडे आपणच अर्ज करू. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा तोडायची परवानगी मागायला लावतो. झाड आपोआप वाळलं तर तो काय करणार?

आणि दुसरी मागणी, जी नोटिशीत नाही. मागच्या रस्त्यावरच्या त्या शाळेला मैदान नाही. तिथल्या मुख्याध्यापिकांशी मी बोलले आहे. बुधवारी सकाळी एक तास चौथीचा वर्ग, तीस-बत्तीस मुलं, दोन शिक्षिकांबरोबर आपल्या पटांगणात येऊ शकतो. येताना-जाताना रस्ता ओलांडायची जबाबदारी शाळेची. पटांगणात मी आणि ए विंगमधल्या दोघी असू. मला माहीत आहे, ‘बाहेरची मुलं’ हा शब्द सभेत येणार. सुरक्षेचं काय, कुणाला लागलं तर काय, आज शाळा तर उद्या कोण? प्रश्न योग्य आहेत आणि त्यांची लेखी उत्तरं मी सेक्रेटरींकडे दिली आहेत. एवढंच म्हणेन की तीन महिन्यांसाठी प्रयोग म्हणून परवानगी द्या. अडचण झाली तर बंद करा, मी स्वतः बंद करायला सांगेन.

आपल्या सोसायटीतली बहुतेक मुलं ज्या मोठ्या शाळांत जातात तिथे ‘नेचर क्लब’ची वेगळी फी भरावी लागते. मागच्या शाळेतल्या मुलांना तोच तास आपल्या उंबराखाली फुकट मिळेल, आणि आपल्या मुलांना जोडीला रानभाज्या ओळखणारे मित्र मिळतील. यात सोसायटीचा खर्च शून्य आहे. खजिनदार काका, हे तुमच्यासाठी.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी सूचना. येत्या रविवारी सकाळी सात वाजता उंबराखाली जमायचं. वही, पेन्सिल, पायात बूट. ज्यांच्याकडे दुर्बीण आहे त्यांनी ती आणावी, पण आळीपाळीने सगळ्यांना द्यावी. मोबाईल आणला नाही तर उत्तम. आई-बाबा आले तरी चालतील, मात्र त्यांनी गप्पा जरा लांब जाऊन मारायच्या, तांबट उडून जातो. पर्जन्यमापकाच्या जुन्या बाटल्या कुणाकडे असतील तर धुऊन ठेवा, जूनमध्ये लागतील. आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जे गावाला जाणार नाहीत त्यांनी नावं आत्ताच माझ्याकडे द्या. एक हात लांबीची सरळ काठी प्रत्येकाने आणायची आहे.

चहा सी विंगकडून आहे असं आत्ताच कळलं.